शाखेचा पहिला उपक्रम

मी संस्थेची शाखा काढणार असं घरी सांगितलं तेव्हा बाबा दारात बसून जाळं शिवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठल्या पक्षाची?" मी म्हटलं, पक्षाची नाही, समाजसेवेची, देशभर शाखा आहेत त्यांच्या. "मग निवडणूक कधी हाय?" असं विचारून ते पुन्हा जाळ्याच्या भोकाकडे वळले. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती. आमच्या घरात आईचा राग तिच्या हातांतून कळायचा. भांडं आपटलं तर साधा राग, अलगद ठेवलं तर मोठा. त्या संध्याकाळी तिने जवळ्याची चटणी माझ्या ताटात इतक्या हलक्या हाताने वाढली की माझी भूकच गेली.

संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. ती अजून आहे, मोठी आहे, आणि तिचं नाव लिहायला घेतलं की माझं डोकं फिरतं. कॉलेजात असताना तिच्या शिबिराला मी नाशिकला गेले होते. तिथे वेगवेगळ्या राज्यांतली पोरं होती, सकाळी गाणी, दुपारी भाषणं, संध्याकाळी वर्तुळात बसून मन मोकळं करणं. डहाणूच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसायला मुली नाक मुरडायच्या, मावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, वास येतो म्हणून. शिबिरात कोणी नाक मुरडलं नाही. उलट माझ्या हातात माइक दिला आणि "लीडर" म्हणाले. एवढ्यावर मी भाळले. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला भाळायला आणखी काय लागतं?

पण मला खरोखर एक गोष्ट हवी होती, आणि ती फुकटची हौस नव्हती. आमच्या आळीत मुलींना अभ्यासाला जागा नव्हती. घर म्हणजे एक खोली, त्यात सुक्या मावऱ्याच्या टोपल्या, त्यात टीव्ही, आणि भिंतीपलीकडे जमनाकाकीचा मुलगा दागिन्यांच्या डाय ठोकत बसायचा. आमच्या पट्ट्यात घरोघरी हे डायचं काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, बारीक हातोडीची ठकठक सकाळपासून जेवणवेळेपर्यंत, आणि जेवून पुन्हा. त्या ठकठकीत मी बारावी पास झाले. मच्छीमार सोसायटीची एक खोली मात्र कितीतरी वर्षं बंद पडून होती, आत जुन्या बर्फाच्या पेट्या. ती झाडून, दिवे लावून पोरींना अभ्यासिका करायची, असं माझ्या मनात होतं. संस्था म्हणाली, जरूर करू, दिवे देऊ, पंखे देऊ, पुस्तकं देऊ. आधी शाखा उघडा, स्वयंसेवक जमवा, एक उद्घाटनाचा उपक्रम करा.

आमच्या विभागाचा समन्वयक निहार नावाचा मुलगा होता. मुंबईचा, गोरागोमटा, बोलायला गोड. तो एकदा आमच्या घरी येऊन गेला. आईने त्याला ताजे बोंबील तळून वाढले. तो डोळे मिटून म्हणाला, "सो ऑथेंटिक!" तो गेल्यावर आईने विचारलं, काय म्हणाला तो. मी म्हटलं, चांगलं झालंय म्हणाला. "मग चांगलं म्हणायला त्याला काय झालं?" आई म्हणाली. मी उपक्रम म्हणून शाळेच्या मागचं गटार साफ करायचं सुचवलं होतं. ते खरंच घाण होतं, पोरं तिथूनच उड्या मारत वर्गात जायची. निहारने जागा पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "नयना, आयडिया मस्त आहे, पण फ्रेममध्ये समुद्र पाहिजे. या वर्षीची थीमच किनारा आहे." शेवटी शाळेपासून देवळापर्यंतचा किनारा साफ करायचं ठरलं. तिथे खरोखरच प्लास्टिक वाहून येतं, त्यामुळे मी हो म्हटलं. देवळाच्या पुढे कोणी जायचं नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं आणि का ते समजावूनही सांगितलं. तो मान हलवत होता. मान हलवण्याचं प्रशिक्षण त्यांना शिबिरातच देत असावेत.

देवळाच्या पुढे काळ्या खडकापर्यंत आमची खळी आहेत. परक्याला ती दिसत नाहीत, त्याला नुसती वाळू दिसते. खळं म्हणजे जवळा सुकत घालायची जागा. प्रत्येक घराचं वेगळं, आणि घराचं म्हणण्यापेक्षा घरातल्या बाईचं. सासूकडून सुनेकडे येतं. दर्या पुरुषांचा, वाळू बायकांची, अशी आमच्याकडची वाटणी. या खळ्यांचा कागद कुठल्याही कचेरीत नाही. दोन खळ्यांच्या मध्ये बांबूचा एक तुकडा रोवलेला असतो, त्याला कोणाच्या जुन्या लुगड्याची चिंधी, कोणाच्या फाटक्या जाळ्याचा गोळा, कोणाचा जाळं तरंगवायचा फुटका बोया. आमच्या बांबूला हिरवी चिंधी होती, आईच्या सासूच्या लुगड्याची. आमचं खळं सगळ्यात शेवटचं, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला जमनाकाकी. जमनाकाकी म्हणजे बाबांच्या चुलत भावाची बायको. ती आणि आई एकाच रिक्षाने डहाणूच्या बाजारात जायच्या, शेजारी शेजारी बसून मावरं विकायच्या आणि एकाच डबीतली मिश्री लावायच्या. भांडणं व्हायची, पण डबी एकच राहायची.

त्या काळात आमच्या बाजूला बंदराशिवाय दुसरा विषय नव्हता. वाढवणला बंदर होणार म्हणून सगळा किनारा पेटलेला. बंदराचं काय झालं आणि काय व्हायचंय त्यावर बोलायला माणसं पुष्कळ आहेत, मी इथे लिहिणार नाही. इथे एवढंच सांगायचं की आळीने ठरवलं होतं, परक्या माणसाला किनाऱ्यावर काही मोजू द्यायचं नाही, कसली खूण करू द्यायची नाही. कोणी टेप घेऊन उतरला की पुरुष चपला शोधेपर्यंत बायका पोचलेल्या असायच्या. आणि आमच्या उपक्रमाला थोडेच दिवस राहिले असताना नेमका त्याच दिवशी डहाणूला मोर्चा ठरला. मी निहारला फोन केला, तारीख बदल म्हटलं. तो म्हणाला, बस बुक झाली, मुंबईच्या एका कंपनीची माणसं येणार आहेत, त्यांना त्याच दिवशी सुट्टी मंजूर झाली आहे. मोठ्या कंपन्यांतली माणसं सेवा कामाच्या दिवशीच करतात, रविवारी केली तर ती स्वतःच्या खिशातली होते.

"रद्द कर," आई म्हणाली.

"होत नाही गं आता."

"मग तिकडे मला विचारतील, तुझी पोर कुठंय, तर मी काय सांगू?"

"सांग कॉलेजात गेली."

"तुझ्या संस्थेपायी मी आता खोटं बोलू?" एवढं म्हणून तिने पाण्याचा तांब्या अलगद फळीवर ठेवला.

मोर्चाच्या दिवशी सकाळीच आळी रिकामी झाली. टेम्पो भरभरून बायका गेल्या, होड्या वाळूवर कोरड्या उभ्या, डायची ठकठकसुद्धा बंद. मागे राहिली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आणि कुत्री. आळीतलं कोणी माझ्याबरोबर येणार नव्हतं, त्यामुळे माझे स्वयंसेवक सगळे तलासरीचे होते. माझी मैत्रीण मंजुळा तिकडच्या एका पाड्यावरची. शिबिरात आम्ही दोघी एकाच तंबूत होतो. तिने पाड्यावरची पोरं-पोरी जमवली होती, ती जीपने येणार होती. त्यांना आमचा रस्ता ठाऊक नव्हता म्हणून मी हायवेवर चारोटीला जाऊन थांबले. जीप हायवेवर पंक्चर झाली. मी हॉटेलांच्या रांगेसमोर उभी राहून गुजरातकडे जाणारे ट्रक बघत राहिले. तेवढ्यात निहारचा फोन आला, "आम्ही पोचलो! काय किनारा आहे यार!" मी म्हटलं, माझ्याशिवाय वाळूत उतरू नका. "हो, हो, डोन्ट वरी," तो म्हणाला. मागे स्पीकरवर गाणं लागलेलं मला ऐकू येत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं आवरत आलं होतं. नारिंगी टी-शर्ट घातलेली माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. मी देवळापाशी येऊन पुढे पाहिलं. खडकापर्यंतची सगळी वाळू सारवलेल्या अंगणासारखी साफ होती. एक बांबू नाही, एक चिंधी नाही, एक बोया नाही.

"इथले बांबू कुठे गेले?" मी निहारला विचारलं.

"कुठले? ते सगळं कचऱ्याच्या टेम्पोत गेलं. शाळेच्या बाजूला काही फारसं नव्हतंच गं, अर्ध्या तासात झालं. मग लोक म्हणाले, पुढे किती कचरा आहे बघ."

"मी तुला देवळाच्या पुढे जाऊ नको म्हटलं होतं."

"हो, पण लोक इतके चार्ज्ड होते! मी त्यांना कसं थांबवणार?"

चष्मा लावलेली एक बाई मध्येच म्हणाली, "सगळीकडे रॅग्स बांधलेल्या होत्या, इट वॉज सो सॅड." मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तिला कळली असावी, कारण ती लगेच बसमध्ये जाऊन बसली. बाकीच्यांनी मोकळ्या वाळूवर उभं राहून फोटो काढला. मी फोटोत यावं म्हणून निहार हाका मारत होता. मी गेले नाही, एवढं एक त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं.

बस गेली आणि थोड्या वेळाने मोर्चाचे टेम्पो आले. घोषणा देऊन बायकांचे घसे बसले होते. सगळ्यात पुढे जमनाकाकी. ती नेहमी लांबूनच ओरडत येणारी बाई, पण त्या वेळी ती मान खाली घालून वाळू बघत आली. ती तिच्या खळ्याच्या कडेला गेली आणि पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपत राहिली. एकीने तिचं पाहून तेच केलं, मग दुसरीने. मग त्या सगळ्या माझ्याकडे आल्या. काकीने माझ्या नारिंगी टी-शर्टचा खांदा चिमटीत धरला आणि त्यावरचं चित्र जवळून पाहिलं.

"हे बंदराचं चिन्ह काय गो?"

"नाही काकी, संस्थेचं आहे."

"आम्ही तिकडे गळा फाडत होतो आणि तू इथे माणसं आणून खुणा उपटल्यास. हाच दिवस सापडला तुला?"

मी सांगायला लागले. बस, कंपनी, चारोटी, पंक्चर. स्वतःच्या कानांना ते खोटं वाटत होतं. आई मागे उभी होती, घामाने पदर ओला, आणि ती माझ्याकडे न बघता खडकाकडे बघत होती. मंजुळाने पाड्यावरच्या पोरांना खूण केली. त्यांनी कपड्यांवरून घातलेले संस्थेचे टी-शर्ट काढले आणि चित्र आत जाईल असे उलटे करून घातले. त्यांचा काडीइतका संबंध नव्हता, पण बोलणी त्यांनीही खाल्ली. नंतर त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, आमच्या पाड्यावर असं कोणी केलं असतं तर त्यांची गाडी परत गेली नसती." मला ते बरं वाटलं, का ते मला सांगता येणार नाही.

कचरा नेणारा टेम्पो सरावलीचा होता. ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, माल कधीच खाली केला. मी आणि मंजुळा त्याच जीपने कचरा टाकतात तिथे गेलो. ढीग पेटलेला होता. तिथला माणूस म्हणाला, "आला की लावतो, नायतर गुरं खातात." ओला बांबू फटफट फुटत होता. मंजुळाने काठीने ढीग उकरून एक अर्धा जळलेला तुकडा बाहेर ओढला आणि विचारलं, कोणाचा आहे हा? मी म्हटलं, आता कोणाचाच नाही. मग मी तो पायाने पुन्हा आत ढकलला. आमची हिरवी चिंधी शोधायचा मी प्रयत्नही केला नाही. चिंधीला जळायला वेळ तो कितीसा लागतो.

मग सुरू झालं ते आमच्याकडच्या रीतीने. आमच्याकडे कोणाला वाळीत टाकलं असं तोंडाने म्हणत नाहीत, कायद्याने ते चालतही नाही. फक्त हात येत नाहीत. होडी वाळूवर वर ओढायला हात लागतात. हाक मारायची, चार घरची माणसं येतात, उद्या त्यांच्या हाकेला आपण जायचं. बाबांनी हाक मारली आणि कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली नाही. आई आणि मी दोरीला लागलो. घरी आल्यावर बाबांनी माझ्या शिबिराच्या फोटोची चौकट भिंतीवरून काढून पेटीमागे ठेवली. बाजारात बायकांनी आपापल्या टोपल्या सरकवल्या आणि आईच्या दोन्ही बाजूंना मोकळी फरशी राहिली. गिऱ्हाईकाला वाटायचं हिचं मावरं शिळं आहे. जमनाकाकी आता दुसऱ्या रिक्षाने जायची. मी आळीतून चालले की डायची ठकठक थांबायची, मी पुढे गेले की पुन्हा सुरू व्हायची. माझ्यावर इतका राग कोणी शब्दांत काढला असता तर मी दोन शब्द परत दिले असते. थांबलेल्या हातोडीला काय उत्तर देणार? आणि सोसायटीच्या त्या बंद खोलीला जुन्या कुलपाशेजारी आणखी एक नवं कुलूप लागलं.

मधल्या काळात संस्थेच्या पानावर तो फोटो आला. मोकळी वाळू, मागे दर्या, नारिंगी माणसं उड्या मारताना, आणि खाली लिहिलेलं की आम्ही एका विसरलेल्या किनाऱ्याला नवं जीवन दिलं. विसरलेला किनारा! बंदर हवं म्हणणाऱ्या कोणीतरी तो उचलला आणि वर लिहून फिरवला, बघा, किनारा मोकळाच पडलाय, कोण वापरतं? तो फिरत फिरत आळीतल्या प्रत्येक फोनवर आला. जमनाकाकीच्या मुलाने तो माझ्या आईच्या तोंडासमोर धरला आणि निघून गेला. मी निहारला फोन केला.

"तो फोटो काढून टाक."

"नयना, ती आपली या वर्षीची बेस्ट पोस्ट आहे."

"त्या फोटोने आमचा किनारा जातोय. आणि तू इथे ये. चार बायकांसमोर उभा राहा आणि सांग की चूक तुमची आहे."

"मी वर बोललो आहे. ते म्हणतात, या पोर्टच्या कॉन्ट्रोव्हर्सीत आपण पडायचं नाही. पण एक छान सुचलंय आम्हाला. प्रत्येक फॅमिलीला आपण बोर्ड देऊ. नावासकट, रंगीत. वर आपला लोगो."

मी त्याला जे बोलले ते आमच्या बाजारातल्या बायकांना शोभेल असं होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. फोटो त्यांनी काढला नाही. मीही शाखा सोडली नाही. सोडून दिली असती तर त्यांची सोय झाली असती. पुढे मंजुळाच्या पाड्यावर आम्ही अभ्यासिका सुरू केली आणि दिवे-पंखे त्यांच्याकडून भांडून घेतले. तिथल्या मुली आज शिक्षिका आहेत, नर्स आहेत. माझ्या आळीतल्या मुलींना मात्र ती जागा मिळाली नाही, आणि याबद्दल मी संस्थेला माफ केलं नाही, आळीलाही नाही.

खळी मात्र पुन्हा लावायची होती. जाळ्यात जवळा यायला लागला होता आणि पसरायचा कुठे हे ठरल्याशिवाय कोणी टोपली उतरवू शकत नव्हतं. मोठ्या वादळात खुणा वाहून गेल्या की काय करायचं याची आमच्याकडे रीत आहे. ओहोटीला सगळ्या बायका नवे बांबू घेऊन वाळूवर येतात. देवळाकडून सुरुवात. प्रत्येकीने आपल्या जागेवर उभं राहायचं आणि तिच्या शेजारणीने सगळ्यांसमोर सांगायचं, हिची हद्द इथे. स्वतःची हद्द स्वतः सांगायची नाही, सांगितली तर कोणी धरत नाही. शेजारीण पाऊल ठेवते, त्या पावलाशी बांबू रोवायचा. पुरुष मागे उभे राहतात. आळीचे वडीलधारे दामूबाबा मध्ये असतात, पण तेही फक्त विचारतात. आमच्या खळ्याला शेजारीण एकच. ती बोलली नाही तर आईला वाळूवर जागाच नाही, आणि जागा नाही म्हणजे सुका जवळा नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने आम्ही सुक्यावर काढायचो. आदल्या दिवसापासून आई जेवली नव्हती. बांबू तिने स्वतः तोडला होता आणि त्याला स्वतःच्याच एका लुगड्याची चिंधी बांधली होती.

देवळाकडून एकेक खळं लागत गेलं. हो, हिचं इथवर. हो, इथवर. कुठे थोडी कुरकुर, कुठे हसू. वाळू ओली होती, बांबू पटकन बसत होते. मग सगळे खडकाजवळ आले. आई हातात बांबू घेऊन उभी. जमनाकाकी तिच्यासमोर, कमरेवर हात ठेवून.

"जमने, बोल," दामूबाबा म्हणाले.

"बोलते. आधी हिच्या पोरीला बोलू दे. नयने, पुढे ये. ती माणसं कोणाची होती?"

"माझी," मी म्हटलं. "मी बोलावली होती. बंदराची नव्हती."

"बंदराची नव्हती तर आमच्या खुणा उपटून त्यांना काय मिळालं?"

खरं उत्तर एकच होतं. "फोटो," मी म्हटलं.

"काय?"

"फोटो मिळाला काकी. दुसरं काही नाही. त्यांना वाटलं कचरा आहे, तो त्यांनी काढला, आणि फोटो काढून गेले."

पुरुषांमधून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकी माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतेय का ते ती शोधत होती, आणि तिला ते सापडत नव्हतं, त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"बंदरवाल्यांना काय हवं ते तरी आम्हाला कळतं," ती म्हणाली. "त्यांच्याशी भांडता येतं. ह्यांच्याशी कसं भांडायचं गो? तू सांग, तू शिकलीस ना?"

मी तिच्या पावलांकडे पाहिलं.

मग ती वळली आणि आईच्या समोर येऊन तिने पाऊल ठेवलं. "हिची हद्द इथे," ती मोठ्याने म्हणाली. पाऊल आमच्या हद्दीच्या आत होतं. हातभर आत. लहानपणापासून मी त्या खळ्यावर बसून जवळ्यातले खेकडे वेचले होते, खडकापासून कुठवर आमचं ते मला डोळे झाकून माहीत होतं. आईला तर होतंच. तिथे उभ्या असलेल्या एकूण एक बाईला होतं. दामूबाबांनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं.

"गप," आई म्हणाली. तिने खाली वाकून काकीच्या पावलाशी बांबू रोवला आणि भोवतीची वाळू पायाने घट्ट दाबली.

घरी येताना मी रडत होते, रागाने. मी म्हटलं, सगळ्यांच्या देखत तिने हातभर खाल्ली आणि तू खाऊ दिलीस.

"सगळ्यांच्या देखत घेतली ना? मग बाकीची सगळ्यांच्या देखत आपली झाली," आई म्हणाली. "नुसती दिली असती तर जन्मभर तिच्या उपकारात राहिलो असतो. आता नाय. आता मी तिच्या रिक्षात बसेन आणि तिच्या डबीतली मिश्री घेईन."

आणि खरंच तिने घेतली. मला हे तेव्हा पटलं नव्हतं आणि आता स्वतः आई होऊनही पटत नाही. आई गेली, काकी गेली, मी मात्र ती हातभर वाळू सोडलेली नाही. माझा मुलगा म्हणतो, किती धरून बसशील. मी म्हणते, कागद नाही तिचा, मी धरली नाही तर कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जवळा पसरला आणि मला राखणीला बसवून ती बाजारात गेली. शेजारच्या खळ्यावर जमनाकाकी तिचा जवळा हाताने सारखा करत होती. खुणा उपटल्या त्या दिवसापासून, कालचा वाळूवरचा जाब सोडला तर, ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मीही बोलणार नव्हते. ऊन चढलं, कावळे उतरले, आणि मी दर्याकडे बघत बसून राहिले.

"ए संस्थावाली!" काकी एकदम ओरडली, तिच्या त्या जुन्या, आळीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. "कावळे दिसत नाय काय तुला? फोटो काढतेस काय त्यांचे?"

मी उठले आणि कावळे हाकलले. आमच्या खळ्यावरचे, आणि बांबूपलीकडच्या त्या हातभर पट्टीवरचे. त्याच्या पुढचे नाही.